नेग्रिलच्या किनाऱ्यावर गोरज मुहूर्त

माझ्या भाचीचं लग्न जमैकात करायचं ठरलं तेव्हा वेंगुर्ल्यापासून डोंबिवलीपर्यंत सगळ्या नातेवाइकांनी एकच प्रश्न विचारला, "एवढ्या लांब कशाला?" मुलगी न्यू जर्सीत वाढलेली, मुलगा ब्रुकलिनचा, दोघांच्या नोकऱ्या न्यूयॉर्कमध्ये. न्यू जर्सीतल्या एडिसनला हॉल मिळतो, भटजी मिळतात, पंगतीला मसालेभात आणि जिलबीही मिळते. तरी लग्न कॅरिबियन बेटावर झालं, आणि त्याचं कारण समुद्र नव्हता. कारण होती नवऱ्या मुलाची आजी. ती जमैकाच्या पश्चिम टोकाला, वेस्टमोरलंड जिल्ह्यात राहते. वय अठ्ठ्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले, विमानात बसायला डॉक्टरांची मनाई. नातवाने सांगून टाकलं, लग्न कुठल्याही पद्धतीने लावा, आजी समोर बसलेली पाहिजे. तिच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर नेग्रिलचा किनारा आहे आणि तिथल्या रिसॉर्टांना बाहेरून आलेल्यांची लग्नं लावून द्यायची चांगली सवय आहे. फेब्रुवारी 2025 मधला एक शुक्रवार पक्का झाला.

मंगळवार

न्यूयॉर्कहून मॉन्टेगो बे म्हणजे जेमतेम चार तासांचं उड्डाण. हिवाळ्यात दोन्हीकडची घड्याळंही जुळतात. न्यूयॉर्कच्या बर्फातून निघालेलो आम्ही दुपारी घामाघूम होऊन विमानतळाबाहेर उभे होतो, हातात स्वेटर घेऊन.

ताईने महिनाभर आधी बॅगा भरायला घेतल्या होत्या. शालू, मुंडावळ्या, हिरवा चुडा, अंतरपाट, कुंकू, तांब्याचं होमकुंड, सगळं आठवणीने घेतलं होतं. नारळ, सुपाऱ्या, तांदूळ, आंब्याचे डहाळे यांतलं मात्र काहीच घेतलं नाही. झाडपाला आणि बी-बियाणं परवान्याशिवाय तिथे नेता येत नाही, आणि बेटावरच्या शेतीला बाहेरची कीड लागू नये म्हणून ते योग्यच आहे. "सगळं तिथे मिळेल," असं विहीणबाई फोनवर सांगत होत्या. ताईचा विश्वास बसत नव्हता.

आमच्या मिनीबसचे चालक सत्तरीच्या पुढचे. आम्ही भारतातले, त्यातून मुंबईकडचे, हे कळताच त्यांनी आरशातून मागे बघत पहिलं नाव घेतलं ते गावसकरांचं. भावजी ताडकन पुढच्या सीटवर जाऊन बसले. मग तासभर 1971 चा दौरा चालला होता. किंग्स्टनच्या सबायना पार्कवर पहिल्या कसोटीत भारताचे पाच गडी 75 धावांत गेले होते, तिथून आमच्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी 212 काढले, एकनाथ सोलकरांबरोबर 137 ची भागी केली. वाडेकरांनी वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिला. गावसकर त्या सामन्यात नव्हतेच, बोट दुखावलं होतं. पुढच्या चार कसोटींत त्यांनी 774 धावा केल्या आणि मालिका आपण जिंकलो. चालकाला हे सगळं तोंडपाठ होतं. तेव्हा तो शाळकरी पोरगा होता आणि वडिलांबरोबर रेडिओला कान लावून बसायचा. मग त्याने 1976 चा सबायना पार्कचा सामना काढला. अंशुमन गायकवाडांच्या कानावर चेंडू बसला, विश्वनाथांचं बोट मोडलं, ब्रिजेश पटेलांच्या तोंडाला लागलं, आणि दुसऱ्या डावात भारत 5 बाद 97 वर थांबला. "ते आमच्याकडून बरं झालं नाही," तो म्हणाला. मिनिटभर बसमध्ये कुणी बोललं नाही, मग भावजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. परक्या देशात पाऊल ठेवल्या ठेवल्या अशी ओळख निघावी, याचा मला फार आनंद झाला.

रस्ता समुद्राला धरून जातो. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. वाटेत लूसी नावाचं बंदराचं गाव लागतं. तिथल्या मनोऱ्यावरचं घड्याळ म्हणे सेंट लुशिया बेटासाठी निघालं होतं आणि नावाच्या घोटाळ्याने इथे उतरवलं गेलं. लोकांना ते इतकं आवडलं की त्यांनी परत द्यायला नकार दिला. गावकरी असं सांगतात, खरंखोटं कोण बघणार, पण घड्याळ आहे मोठं देखणं.

नेग्रिलला पोचेस्तोवर सूर्य कलला होता. सात मैलांचा किनारा अशी त्याची ख्याती, प्रत्यक्षात लांबी बरीच कमी आहे. इमारती बुटक्या आहेत. नारळाच्या झाडापेक्षा उंच बांधायचं नाही, अशी इथे जुनी शिस्त असल्याचं सगळे सांगतात. रिसॉर्टमध्ये मनगटावर प्लास्टिकची पट्टी बांधली, की खाणंपिणं, खुर्च्या, होड्या सगळं त्यात आलं. त्या पट्टीबद्दल पुढे सांगते.

बुधवार

सकाळी विहीणबाई आम्हाला आजीकडे घेऊन गेल्या. नेग्रिल सोडलं की दलदल लागते, मग उसाची शेतं सुरू होतात, आणि मग लिटल लंडन नावाचं गाव येतं. रस्त्यात भेटणारे चेहरे बघून ताई माझा हात दाबत होती. केळी विकणारी एक बाई, सायकलवरचा एक म्हातारा, शाळेच्या फाटकापाशी उभ्या दोन मुली. उत्तर प्रदेशातल्या बलियात किंवा बिहारातल्या छपऱ्यात उतरल्यावर दिसावेत असे चेहरे, आणि बोलणं मात्र पक्कं जमैकन.

1834 मध्ये इंग्रजांनी गुलामगिरी कायद्याने संपवली, 1838 मध्ये माणसं पूर्ण मोकळी झाली आणि उसाच्या मळ्यांवर राबायला कुणी तयार होईना. तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून ठरावीक मुदतीच्या करारावर मजूर आणायला सुरुवात केली. पहिलं जहाज ब्लंडेल, 10 मे 1845 ला ओल्ड हार्बर बे इथे लागलं. पुढच्या सत्तर वर्षांत सुमारे 36,000 माणसं इथे आली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारातली, कलकत्त्याच्या बंदरातून निघालेली. परतीचं तिकीट सगळ्यांच्या नशिबी नव्हतं. आजीचे आजोबा त्यांतलेच. आजीने लग्न केलं ते आफ्रिकी वंशाच्या सुताराशी, आणि मुलाच्या घरात हा इतिहास कुणी फारसा काढत नसे. आम्हालाही तो साखरपुडा झाल्यावर कळला.

आजी पत्र्याच्या पडवीत खुर्ची टाकून वाटच बघत होती. लहानखुरी, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, अंगात फुलाफुलांचा झगा. भाचीने वाकून नमस्कार केला तर तिने तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग घरामागचं परसू बघितलं आणि ताईच्या बॅगांचा प्रश्न सुटला. आंब्याला मोहोर आलेला. त्या जातीला जमैकात बॉम्बे म्हणतात आणि आजी त्याच्या फळापुढे दुसऱ्या आंब्याचं नाव काढू देत नाही. कुंपणाला तुरीच्या शेंगा लगडलेल्या. एका वाफ्यात माठ. हाच माठ लसूण-कांद्यावर परतून ते सकाळच्या न्याहारीला खातात. दाराशी नीरफणसाचं झाड. आमच्या वेंगुर्ल्याच्या घराला नीरफणस आहे, त्याची कापं तांदळाच्या पिठात घोळवून तळतो. इथे तो 1793 मध्ये कॅप्टन ब्लायने जहाज भरून आणला, गुलामांना स्वस्तात पोसायला. आजीच्या नातीने एक अख्खं फळ कोळशावर ठेवलं. अर्धा-पाऊण तास ते उलटंपालटं करत राहायचं, साल कोळशासारखी काळी होते, देठापाशी वाफ फुसफुसते, मग ती साल सुरीने तासून काढायची. आत पिवळसर, मऊ, भाजलेल्या बटाट्याहून दाट गर. त्यावर लोणी. मी तीन फोडी खाल्ल्या आणि गेली पन्नास वर्षं आपण हा का भाजला नाही, याचं नवल करत राहिले.

कोपऱ्यात हळद होती. हळदीची पानं मी लांबूनच ओळखली. वेस्टमोरलंड आणि शेजारच्या हॅनोवर जिल्ह्यात ती पुष्कळ होते. उद्याच्या हळदीसाठी आम्ही दुकानातली पूड आणायची ठरवली होती. आजीने हाताने नाही म्हणून खुणावलं आणि नातवाला खणायला लावलं. गड्डे निघाले, धुतले, आणि नारळाच्या किसणीवर आजीने स्वतः किसायला घेतले. खुर्चीतल्या खुर्चीत, मांडीवर परात. बोटं नारिंगी झाली, झग्यावर डाग पडले, ओल्या हळदीचा मातकट उग्र वास पडवीभर झाला. किसता किसता तिने सांगितलं: तिचं लग्न चर्चमध्ये झालं, पांढऱ्या झग्यात. पण आदल्या रात्री तिच्या आईने खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि तिच्या हातापायांना हळद लावली. पाहुण्यांपासून लपवून. सकाळी चर्चमध्ये जायच्या आधी ती साबणाने घासून काढली, तरी नखांत राहिलीच. आईने असं का केलं हे तिने विचारलं नाही, आईनेही सांगितलं नाही.

मग तिने एक कागद दाखवला, स्वतःच्या जन्माचा दाखला. वडिलांच्या नावाची जागा मोकळी. वडील होते, घरातच होते, आईशी त्यांचं अग्नीसमोर लग्न झालेलं होतं. पण जमैकाचा कायदा हिंदू पद्धतीचं लग्न मानतच नव्हता. तिथे हिंदू विवाह कायदा आला 1957 मध्ये. तोवर अशा जोडप्यांची मुलं सरकारी दप्तरात अनौरस. पुढे कित्येकांनी धर्म बदलला, त्याच्या कारणांत हेही एक कारण होतंच. आजीच्या बोलण्यात राग नव्हता. पण तिने तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून इतकी वर्षं जपला आहे.

भाचीच्या डोक्यात काय चक्र फिरलं ते मला दिसलं. तिने तिथल्या तिथे नवऱ्याशी इंग्रजीत काहीतरी कुजबुजून ठरवलं.

गुरुवार

दिवसभर कागदपत्रं आणि परवानग्या. जमैकात परक्या नागरिकांना लग्न करणं सोपं आहे. बेटावर उतरून चोवीस तास झाले की परवाना मागता येतो. पासपोर्ट लागतो, आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा कागद, आणि जन्माचा दाखला, ज्यावर वडिलांचं नाव असलं पाहिजे. ही अट ऐकून भाची काही बोलली नाही, माझ्याकडे बघितलं फक्त.

खरा प्रश्न होमाचा होता. वाळूवर आग चालणार नाही, असं रिसॉर्टने आधी सांगितलं. मग लग्नाचं काम बघणाऱ्या मुलीने वरपर्यंत भांडून परवानगी काढली: कुंड छोटं पाहिजे, खाली पत्रा, बाजूला वाळूच्या बादल्या, आणि अग्निशामक नळकांडं घेतलेला एक माणूस. मला ते सगळं पटलं. वाऱ्यात वाळक्या पानांचे मंडप असतात, ठिणगी उडायला वेळ लागत नाही.

जे पटलं नाही ते हे. मुलाकडची जवळजवळ चाळीस माणसं लिटल लंडनहून आणि सवाना-ला-मारहून येणार होती. त्यांच्या प्रत्येकी पासाचे पैसे भरायला लागले, मनगटाला वेगळ्या रंगाची पट्टी. ज्या किनाऱ्यावर आजीचा नवरा तरुणपणी जाळं ओढायला जात असे, त्या किनाऱ्यावर पहारेकरी तिच्या मुलांना विचारतो की पट्टी कुठे आहे. हा एकट्या त्या रिसॉर्टचा दोष नाही. 1956 च्या बीच कंट्रोल कायद्याने किनाऱ्याची जमीन सरकारची झाली, आणि समुद्रावर जायचा सर्वसाधारण हक्क लोकांना मिळाला नाही. त्याविरुद्ध जमैकात आता चळवळ उभी राहिली आहे, खटले चालू आहेत. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या सागरेश्वरावर किंवा मालवणच्या दांडीवर कुणालाही पायात चपला न घालता जाता येतं. ते किती मोलाचं आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं. भावजींनी मुकाट्याने सगळे पैसे भरले आणि पाहुण्यांना त्याचा पत्ता लागू दिला नाही. हे त्यांनी फार चांगलं केलं.

सूर्य खाली गेल्यावर नारळाच्या झाडांखाली हळद झाली. आजीने किसलेली हळद, त्यात खोबरेल तेल. पाच सवाष्णींनी लावायची, तर आमच्याकडून ताई आणि मी, त्यांच्याकडून विहीणबाई आणि मुलाच्या दोन आत्या. त्या आत्या आधी बिचकल्या. एकदा हात पिवळे झाले आणि मग नवरदेवाची मान, कान, दाढी काही सोडलं नाही. ताईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. तिकडून एकीने चर्चमधलं गाणं सुरू केलं, टाळ्या जुळल्या, आणि रात्री उशिरापर्यंत दोन्हीकडची गाणी आलटून पालटून चालू होती.

याच रात्री किंग्स्टनहून पंडितजी आले, बेटाच्या दुसऱ्या टोकापासून चार-साडेचार तास गाडी चालवत. त्यांचेही पूर्वज मळ्यावरचे. त्यांना लग्न नोंदवायचा सरकारी अधिकार आहे, म्हणजे मंत्र म्हणणारे आणि सही-शिक्का करणारे तेच.

शुक्रवार

मुहूर्ताचा घोळ ताईने आधीच मिटवला होता. भारतातल्या पंचांगातल्या वेळा तिथे चालत नाहीत, साडेदहा तासांचा फरक, सूर्योदय वेगळा. म्हणून तिने पुण्याहून दिवस तेवढा विचारून घेतला आणि गोरज मुहूर्त धरला. सूर्य मावळतानाची वेळ. नेग्रिलचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, सूर्य समोर समुद्रातच बुडतो. फेब्रुवारीत सव्वासहाच्या सुमारास.

दुपारभर विहीणबाईंच्या भाच्यांनी मंडप बांधला. चार बांबू, आजीच्या झाडाचे आंब्याचे डहाळे, झावळ्या, जास्वंदी आणि बोगनवेलीची फुलं. रिसॉर्टचा पांढऱ्या कापडाचा मंडप घडी घालून ठेवून दिला. अक्षता तिथल्याच तांदळाच्या. नारळ समोरच्या झाडावरचे, एक पोरगा सरसर चढला आणि चार काढून आला.

आजीला खुर्चीसकट चौघांनी वाळूवरून उचलून आणलं. चाकाची खुर्ची वाळूत रुतते. तिला मंडपाच्या कडेला, अगदी पुढे बसवलं. ताईने तिच्यासाठी पैठणी नेली होती, झग्यावरून शालीसारखी पांघरली. तिने पदराचे मोर बोटाने मोजले.

सहाला नवरदेव पाटावर उभा राहिला. मुंडावळ्या बांधताना त्याच्या मित्रांनी आरोळ्या ठोकल्या, पण तो स्वतः गंभीर होता. समुद्रावरून वारा सुटला होता. अंतरपाट धरायला एरवी दोघं पुरतात, इथे चौघं लागले, दोघांनी वरची टोकं धरली आणि दोघांनी खालची. तरी कापडाला मधोमध फुगा येऊन ते भाचीच्या नाकाला लागत होतं. मी आणि ताईने मंगलाष्टकं म्हटली. वाऱ्यात आवाज पुरेना, म्हणून छाती फोडून म्हटली. "शुभमंगल सावधान" आलं की अक्षता टाकायच्या, हे मुलाकडच्यांना पहिल्या कडव्याला कळलं. दुसऱ्यापासून "सावधान" सगळा किनारा म्हणत होता. लांब उभे असलेले रिसॉर्टचे वेटर, माळी, अग्निशामक नळकांडंवाला, सगळे. अंतरपाट दूर झाला तेव्हा सूर्याचा खालचा काठ पाण्याला टेकला होता. हार घातले. ताई रडली, भावजी रडले, मी शेवटचं कडवं कसंबसं पूर्ण केलं.

मग होम. कुंडातल्या समिधा पेटायला वेळ लागला. पंडितजींनी वाऱ्याकडे पाठ करून, दोन्ही हातांच्या आडोशाने काडी धरली. लाजाहोमाच्या लाह्या किंग्स्टनच्या एका भारतीय दुकानातून त्यांनीच आणल्या होत्या. त्यांचे उच्चार हिंदीच्या वळणाचे, मंत्र आपलेच. सप्तपदीला वाळूवर तांदळाच्या सात राशी घातल्या होत्या, पाचव्या पावलाला भाचीचा पाय शालूत अडकला आणि नवऱ्याने कोपर धरून सावरलं. एव्हाना अंधार पडला होता, कुंडाच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे तांबूस दिसत होते.

आणि त्यानंतर नोंदवही. लहानसं टेबल, वर दिवा, वारा लागू नये म्हणून वहीवर दोन शंख ठेवलेले. आधी नवरीची सही, मग नवऱ्याची. साक्षीदार दोन लागतात. आमच्या बाजूने मी, आणि त्यांच्या बाजूने, बुधवारी पडवीत ठरल्याप्रमाणे, आजी. टेबल उचलून तिच्या खुर्चीपाशी नेलं. तिने चष्मा मागून घेतला, तिथे छापलेलं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. हिंदू विधीने लागलेलं लग्न, जागा, तारीख. मग लेखणी धरून सावकाश, एकेक अक्षर जोडत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईची सही थरथरती असेल असं वाटलं होतं. ती माझ्या सहीपेक्षा सरळ आहे.

जेवणाला रिसॉर्टचा बुफे आणि त्यांच्या परवानगीने सवाना-ला-मारहून आलेलं बोकडाचं करी मटण. जमैकात खेड्यातलं लग्न त्याशिवाय होत नाही. हळद भरपूर, ऑलस्पाइसचा वास, स्कॉच बॉनेट मिरचीचा झणका. आमच्या मालवणी माणसांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. शाकाहाऱ्यांसाठी नारळाच्या दुधातला तुरीचा भात होता. मिठाईत रममध्ये भिजवलेल्या मनुका-बेदाण्यांचा काळा केक आणि शेजारी ताईने आणलेले बेसनाचे लाडू.

शनिवार

सगळे दमलेले. तरुण मंडळी पश्चिमेच्या कड्यांवरून समुद्रात उड्या मारायला गेली, आम्ही मोठी माणसं ब्लॅक रिव्हरला. संथ काळसर नदी, दोन्ही काठांनी कांदळवन, पाण्याबाहेर लोंबणारी मुळं, आणि त्यांत पडून राहिलेल्या मगरी. नावाड्याने सांगितलं, पाणी काळं नाही, तळाशी कुजलेल्या झाडपाल्यामुळे तसं दिसतं. गावात लाकडी नक्षीच्या जुन्या माड्या होत्या, सज्जांना झालरी कापलेल्या. आम्ही नदीकाठी भाजलेली मासळी आणि कसाव्याची भाकरी खाल्ली, तिला तिथे बॅमी म्हणतात, आणि अंधारायच्या आत परतलो.

रविवार

जुन्या जमैकन रीतीप्रमाणे लग्नानंतरच्या रविवारी जोडप्याने चर्चमध्ये जाऊन आभार मानायचे असतात. आम्ही सगळे गेलो. भाची हिरव्या चुड्यात आणि नऊवारीत. पाद्रीबाबांनी तिला पुढे बोलावून ओळख करून दिली, आणि पहिल्या बाकावर बसलेल्या आजीकडे हात करून म्हणाले, हिच्या आईवडिलांच्या लग्नालाही आज आपण आशीर्वाद देऊ. हे कुणी सुचवलं ते मी विचारलं नाही. सगळी मंडळी उभी राहिली. आजी बसूनच होती, मांडीवर दोन्ही हात, बोटांना अजून हळदीचा रंग.

दुपारी तिच्या परसात जेवलो. निघताना तिने मला हळदीचे दोन गड्डे दिले, ते मी विहीणबाईंकडेच ठेवले. विमानतळावर काढून घेतले असते.

सोमवारी सकाळी तोच चालक न्यायला आला. वाटेत सोलकरांचे झेल राहिले होते, ते झाले.

पुढचं

एप्रिलमध्ये लग्नाचा दाखला घरी आला. भाचीने त्याची एक प्रमाणित प्रत आजीला पाठवली.

28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसा चक्रीवादळ वेस्टमोरलंडमध्येच जमिनीवर आलं, ताशी 290 किलोमीटरच्या पुढचा वारा घेऊन. जमैकावर त्याहून मोठं वादळ नोंदलेलं नाही. ब्लॅक रिव्हर पार उद्ध्वस्त झालं, आम्ही बघितलेल्या माड्यांतल्या कितीतरी राहिल्या नाहीत. कितीतरी दिवस आजीशी संपर्क नव्हता, फोनचे मनोरे पडलेले. मग निरोप आला की ती आदल्या दिवशीच शेजाऱ्यांबरोबर शाळेच्या पक्क्या इमारतीत गेली होती, सुखरूप आहे. घराचं छप्पर उडालं, नीरफणस आणि आंबा दोन्ही मुळासकट गेले. कागदाचं पाकीट तिने पोटाशी बांधून नेलं होतं. आता त्यात दोन दाखले आहेत.

जावई नोव्हेंबरमध्ये जाऊन महिनाभर राहिला, पत्रे आणि लाकूड मिळवून त्याने आणि मामांनी छप्पर उभं केलं. आमच्या दोन्ही कुटुंबांनी मिळून जमेल तेवढे पैसे पाठवले, अजून पाठवतोय. शेजारची कितीतरी घरं ताडपत्रीखालीच आहेत. ज्यांना कुणाला तिकडे जायचं असेल त्यांनी जरूर जावं, पर्यटकांच्या पैशावर तिथल्या हजारो घरांची चूल पेटते. फक्त रिसॉर्टच्या फाटकाबाहेरही जेवा, बाहेरच्या दुकानातून भाजी-फळं घ्या, गावातल्याच माणसाची गाडी ठरवा.

हळदीचा वाफा वाचला आहे. गड्डे जमिनीत होते म्हणून. विहीणबाईंनी मला बोलावलंय आणि बजावून ठेवलंय, या वेळी मनगटाला पट्टी बांधायची नाही, लिटल लंडनलाच उतरायचं. मी तिकीट बघतेय.